सर्टिफिकेट नेमकं कोणाला हवं होतं

"परीक्षेची फी मी भरतो. मुंबईला जायचा-यायचा खर्च माझा. पास झालास की पगार वाढवतो," केशवशेठ म्हणाले.

मी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं. कामशेतला त्यांची भातगिरणी होती आणि मी तिथे बॉयलरवर आगवाला होतो, म्हणजे फायरमन. इतक्या वर्षांत शेठनी आपणहून कोणाला काही दिलेलं मी पाहिलं नव्हतं. दिवाळीची बक्षिसीसुद्धा मागून घ्यावी लागायची.

"विचार करून सांगतो, शेठ."

"यात विचार कसला इब्राहिम? लोक सर्टिफिकेटसाठी मुंबईत वर्षानुवर्षं खेटे घालतात. तुला मी घरबसल्या देतोय."

"तरी पण. घरी विचारतो."

शेठ तसेच ऑफिसात निघून गेले. ते बॉयलर-हाऊसमध्ये एरवी पाऊलसुद्धा टाकत नसत. त्या दिवशी कोंड्याच्या धुळीत, पांढऱ्या धोतरानिशी स्वतः चालत आले होते. माझा संशय तिथूनच सुरू झाला.

ही गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी वाफेवरची गिरणी पाहिलेली नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. बॉयलर म्हणजे लोखंडी पत्र्यांची मोठी बंद टाकी. आत पाणी, खाली आग. पाण्याची वाफ होते, वाफेवर इंजिन फिरतं, इंजिनावर पट्टे आणि पट्ट्यांवर भात सडायची, म्हणजे भरडून तांदूळ काढायची यंत्रं. आमच्याकडे जळण फुकटचंच होतं, भाताचा तूस. मावळचा आंबेमोहोर सडून जायचा पुण्या-मुंबईला आणि त्याचा तूस जायचा माझ्या भट्टीत.

बॉयलर फुटला तर काय होतं हे सरकारला चांगलं माहीत होतं. म्हणून कायदा असा, की सर्टिफिकेटवाला माणूस हजर असल्याशिवाय बॉयलर चालवायचा नाही. परीक्षा मुंबईला. आधी अमुक वर्षं बॉयलरवर काम केल्याचं मालकाचं पत्र पाहिजे, मग तोंडी परीक्षा, मग कागद. तो कागद बॉयलर-हाऊसमध्ये लोकांना दिसेल असा टांगायचा. आणि काही बरंवाईट झालं, तर पोलीस पहिल्यांदा ज्याचा कागद टांगला आहे त्याचं नाव विचारतात.

आमच्याकडे तो कागद दामूभाऊंचा होता. दामूभाऊ म्हणजे बॉयलरचे मिस्त्री. वयाने माझ्या वडिलांएवढे. आग मी टाकायचो, पाणी मी बघायचो, पण बॉयलरच्या माथ्यावर चढायचं काम फक्त त्यांचं. त्या वर्षी दसरा झाला आणि दामूभाऊ काही न बोलता काम सोडून गेले. खिळ्यावरची फ्रेम काढली, धोतराच्या पानात गुंडाळली आणि नाणे मावळातल्या आपल्या गावी निघून गेले. सीझन तोंडावर आलेला असताना मिस्त्री काम सोडत नाही. सोडलंच तर भांडून सोडतो. दामूभाऊ भांडलेही नाहीत.

चार-आठ दिवसांत त्याच खिळ्यावर दुसऱ्याच कोणाचं सर्टिफिकेट आलं. पुण्याचा कोणी माणूस. तो माणूस आम्ही कधी पाहिला नाही. अशी सर्टिफिकेटं त्या काळी भाड्याने मिळायची. बॉयलर मात्र मी एकटा चालवत होतो.

घरी हमीदाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बॉयलर फुटला तर कुनाला धरत्यात?"

"ज्याचं सर्टिफिकेट त्याला."

"मग शेट तुमाला पगार न्हाई वाढवत. तुमचं नाव इकत घ्यायलाय."

"पण सर्टिफिकेट असलं तर बाहेर कुठंही काम मिळेल. मुंबईच्या गिरण्या आहेत, रेल्वे आहे."

"मग काडा की. पर फी आपुन भरायची. त्यानं भरली तर कागद त्याचा हुईल."

मला तिचं पटलं, पण सगळं नाही. सर्टिफिकेट हवं होतं मला. आगवाल्याचं काम कोणीही तगडा गडी करू शकतो आणि म्हणून आगवाल्याला कोणीही काढू शकतो. कागद असला की माणूस मिस्त्री होतो. पण त्यासाठी रविवार जाणार, अभ्यास करावा लागणार, शेठचं पत्र लागणार, म्हणजे शेठची मर्जी सांभाळावी लागणार. आणि एवढं करून हाती येणार ती जबाबदारी. दामूभाऊ जिच्यापासून पळाले तीच नसेल कशावरून? 

पहिलं काम केलं ते दामूभाऊंना गाठायचं. बाजार रविवारी, त्या दिवशी गिरणी बंद असायची. चालत त्यांच्या गावी गेलो. ते ओट्यावर बसून दोर वळत होते. मला बघून त्यांना आनंद झाला असं वाटलं नाही.

"दामूभाऊ, काम का सोडलंत?"

"वय झालं. डोळ्यानं दिसत न्हाई."

दोर तर बारीक, एकसारखा वळलेला होता.

"शेठ मला परीक्षेला बसवतायत."

त्यांचा हात थांबला. "बस की. चांगलंच हाय."

"मग तुम्ही का सोडलंत?"

"इब्राम, सर्टिफिकेट काड. पर तितं टांगू नगंस."

"का?"

"च्या घेनार का?"

त्यापुढे त्यांनी बॉयलरचा विषय काढू दिला नाही. भात कसा पडला, पाऊस कसा झाला, हेच बोलत राहिले. परत येताना सगळा रस्ता मी त्या एका वाक्याचा विचार केला. काही वाईट आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि ते मला सांगताही येऊ नये एवढी त्यांची भीती मोठी होती.

शेठना मी सांगितलं की परीक्षेला बसतो, पण फी माझी मी भरीन. शेठचा चेहरा उतरला. "बरं," म्हणाले, "जशी तुझी मर्जी. पत्रासाठी मात्र माझ्याकडेच यावं लागेल."

शिकायला मी लोणावळ्याला डिसोझामास्तरांकडे जाऊ लागलो. मास्तर म्हणायची पद्धत होती. खरं तर ते रेल्वेच्या लोको शेडमधले पेन्शनर बॉयलरमेकर. तुंगार्लीच्या रस्त्याला त्यांचं छोटं घर होतं. रविवारी चर्चमधून आले की अंगणात खुर्ची टाकायचे आणि मला समोर बाकावर बसवायचे. मराठी बोलायचे, पण त्यात हिंदी आणि इंग्रजी मिसळून. पुस्तक नव्हतंच. ते प्रश्न विचारायचे आणि चुकलं की तोच प्रश्न पुन्हा विचारायचे.

वॉटर गेज, म्हणजे आतलं पाणी दाखवणारी काचेची नळी, ती मला पाठ होती. प्रेशर गेज, म्हणजे वाफेचा जोर दाखवणारं घड्याळ, तेही. त्याच्यावर इन्स्पेक्टरने एक लाल रेघ मारलेली असते. काटा त्या रेघेपुढे जाऊ द्यायचा नाही.

"आणि गेला तर?" मास्तरांनी विचारलं.

"सेफ्टी व्हॉल्व्ह उचलतो."

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे बॉयलरच्या माथ्यावरची झडप. आमच्याकडे जुना, दांड्याचा होता. झडपेवर एक आडवा दांडा, दांड्याच्या टोकाला लोखंडी वजन. वाफेचा जोर ठरल्यापेक्षा जास्त झाला की झडप दांड्यासकट वर उचलली जाते आणि जादा वाफ छपराबाहेर निघून जाते. मोठा आवाज होतो. जोर उतरला की वजनाने झडप पुन्हा बसते. बॉयलरवरच्या माणसाचं लक्ष चुकलं तरी जीव वाचावा, एवढ्यासाठीच ती असते.

"तुझा व्हॉल्व्ह उचलतो तेव्हा गेजचा काटा कुठे असतो?" मास्तर म्हणाले.

"आमचा उचलत नाही, मास्तर."

"कभी नहीं?"

"मी तरी ऐकला नाही. इन्स्पेक्टर येतो तेव्हा बॉयलर गार असतो, दांडा हाताने उचलून दाखवतात, एवढंच. सीझनमध्ये कधीच नाही."

"काटा लाल रेघेच्या पुढे जात नाही?"

"जातो थोडा. पण दामूभाऊ सांगायचे की आमचा गेज जुना आहे, जास्त दाखवतो."

मास्तरांनी पाइप तोंडातून काढला. मग म्हणाले, "तू रोज दांडा हाताने उचलून बघतो की नाही? मोकळा आहे का?"

"नाही. तिथे हात लावायचा नाही असं सांगितलेलं आहे. वर पत्र्याचं झाकण आहे. धूळ बसू नये म्हणून."

"धूळ," मास्तर म्हणाले. "ऐक. बॉयलर थंड असेल त्या दिवशी वर चढ. झाकण काढ. बघ. हात लावू नको. फक्त बघ आणि मला येऊन सांग."

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी गिरणीत गेलो. वॉचमनला सांगितलं की राख काढायची आहे. बॉयलर गार होता. शिडी लावून वर चढलो. झाकणाला एकही खिळा नव्हता, नुसतं ठेवलेलं होतं. उचललं.

दांडा वरखाली होताना डुगडुगू नये म्हणून तो एका लोखंडी दुबेळक्यातून, म्हणजे वरून बंद असलेल्या बेचक्यातून जातो. त्या दुबेळक्यात, दांड्याच्या बरोबर डोक्यावर, एक पाचर ठोकलेली होती. लोखंडी पाचर. दांडा केसभरही वर येऊ शकत नव्हता. आत वाफ कितीही झाली असती तरी झडप उचलली गेली नसती. पाचरेच्या दोन्ही टोकांना हातोड्याचे घाव होते. काही जुने, गंजलेले. काही चकचकीत. म्हणजे ती कोणीतरी काढत होतं आणि पुन्हा बसवत होतं. इन्स्पेक्टर यायच्या आधी काढायची, गेल्यावर बसवायची.

मी झाकण होतं तसं ठेवलं आणि खाली उतरलो. बॉयलर-हाऊसच्या पलीकडे एका विटेच्या भिंतीआड सुपाने तांदूळ पाखडणाऱ्या बायका बसायच्या. सीझनमध्ये शेड भरून बायका, त्यांच्या मांडीवर पोरं. त्या भिंतीकडे पाहवेना.

मिळेल त्या गाडीने लगेच लोणावळा गाठलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं.

"काढून टाकतो उद्या," मी म्हणालो.

"मग उद्या तो म्हणेल, तूच बसवली होती. तुझ्या हातात पाचर, तुझ्या हातात हातोडा. तुला कोण विचारेल?"

"मग इन्स्पेक्टरला कळवू?"

"कळव. पत्र जाईल, माणूस यायला महिना जाईल, आणि यायच्या आधी मालकाला नोटीस येईल. तोपर्यंत पाचर नाही." ते पाइप भरू लागले. "आणि मालकाचं पत्र पण नाही. तुझी परीक्षा पण नाही. तो विचार केला?"

केला होता. लोणावळ्यापर्यंतच्या प्रवासात दुसरा विचारच केला नव्हता. शेठचं पत्र आधी पदरात पाडून घ्यावं आणि मग बोलावं, हा हिशोब कोणालाही सुचेल. पण पत्र मिळेपर्यंत रोज सकाळी आग मलाच टाकायची होती.

"मालकाला काढायला लाव," मास्तर म्हणाले. "चार लोकांच्या समोर."

दुसऱ्या दिवशी मी भट्टी पेटवली नाही. फाटकात भाताच्या गाड्या लागल्या होत्या. बायका येऊन आपापल्या जागी बसल्या. भोंगा वाजला नाही तशी माणसं बॉयलर-हाऊसकडे डोकावू लागली. शेठ आले.

"काय झालं? आग का नाही?"

"शेठ, सेफ्टी व्हॉल्व्हला पाचर आहे. ती काढल्याशिवाय आग टाकणार नाही."

"कसली पाचर?"

"वर चढून बघा. झाकणाखाली आहे."

"मी वर चढत नसतो." त्यांनी आवाज खाली आणला. "तुला कोणी सांगितलं झाकण काढायला?"

हा प्रश्न मी नीट लक्षात ठेवला आहे. ज्याला पाचर माहीत नाही तो माणूस आधी विचारील, पाचर म्हणजे काय, कुठे, कोणी. यांनी विचारलं, झाकण काढायला कोणी सांगितलं.

"आग टाक, मग बोलू," शेठ म्हणाले.

"नाही टाकत."

"मग दुसरा टाकील. तुझ्याकडे कागद तरी आहे का मला शिकवायला?"

तेवढ्यात गंगूमावशी आल्या. गंगूमावशी म्हणजे पाखडणाऱ्या बायकांच्या मुकादम. बायका कोणाचं ऐकायच्या नाहीत, त्यांचं ऐकायच्या.

"काय झालंय रं इब्राम? खरं सांग."

मी सांगितलं. झडप काय, कशाला असते, पाचर काय करते, बॉयलर फुटला तर भिंतीचं काय होईल. शेठ मध्येच बोलले, "मावशी, तुम्ही तुमच्या जागेवर जा." गंगूमावशींनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. नऊवारीचा काष्टा खोचला, शिडी मला धरायला लावली आणि वर चढल्या. झाकण उचललं.

"ही व्हय? ही खुट्टी?"

"तीच. हात लावू नका."

"लावत न्हाई." त्या खाली उतरल्या. शेठसमोर उभ्या राहिल्या. "शेट, ही कुनी बशिवली?"

"मला काय माहीत? दामूचं काम असणार. म्हणूनच पळाला."

"असंल. पर ती निगाल्याबिगर आमी हितं बसनार न्हाई."

त्या शेडमध्ये गेल्या आणि काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण बायका उठल्या. सुपं उचलली, पोरं कडेवर घेतली आणि फाटकाबाहेर चिंचेखाली जाऊन बसल्या. गाडीवाल्यांनी चौकशी केली, तशा त्यांच्याही गाड्या मागे सरकल्या. आरडाओरडा कोणी केला नाही. गिरणीचं अंगण तेवढं रिकामं झालं.

शेठ बराच वेळ ऑफिसात बसून होते. मग मला बोलावलं. "लोणावळ्याचा तुझा तो मास्तर, त्याला बोलाव. काय ते करून घ्या. आणि एक लक्षात ठेव, हे दामूने केलेलं आहे. मला काही माहीत नव्हतं."

"तुम्ही म्हणता तर असेल."

डिसोझामास्तर आपली हत्यारांची पेटी घेऊन आले. पाचर त्यांनी शेठच्या आणि गंगूमावशींच्या समोर काढली. झडप उघडली आणि मला जवळ बोलावलं. झडप ज्या कडेवर बसते ती कड चरे पडून खराब झालेली होती. "बघ. ही गळत असणार. सारखी वाफ, सारखं पाणी. दुरुस्त करायला बॉयलर बंद ठेवावा लागतो. पाचर ठोकली की गळणं बंद."

"मग दामूभाऊंनीच गळती थांबवायला ठोकली?"

"असेल. आळशी मिस्त्री करतो असं." मग त्यांनी हनुवटीने गिरणीकडे खूण केली. "ते नवीन मशीन काय आहे?"

"पॉलिशर. तांदळाला चकाकी देतो. तीन वर्षांपूर्वी आणला."

"इंजिन तेच? बॉयलर तोच?"

"तोच."

"मग लाल रेघेवर चालणार नाही तो. जास्त जोर पाहिजे." ते पुन्हा कामाला लागले. "मालक पण करतो असं."

कड घासून, झडप बसवून, मास्तरांनी बरोबर आणलेला नवा प्रेशर गेजही त्याच जागी लाल रेघ आखून लावला. मग मी आग टाकली. काटा हळूहळू चढला. लाल रेघेला टेकला आणि छपरावरून असा आवाज झाला की फाटकातले बैल दावं तोडून निघाले. वाफेचा पांढरा लोट छपराच्या वर गेला. चिंचेखालच्या बायका आधी घाबरल्या आणि मग हसायला लागल्या. मी इतकी वर्षं बॉयलरवर होतो, आपल्या बॉयलरचा आवाज पहिल्यांदा ऐकत होतो.

जुना गेज मास्तरांनी नव्याच्या शेजारी लावून पाहिला. दोन्ही काटे एकाच जागी. जुना गेज जास्त दाखवत नव्हता. तो खरं दाखवत होता.

सगळी यंत्रं सुरू केल्यावर पॉलिशर मंदावला. मग थांबला. शेठ त्याच्यापाशी उभे होते. त्यांनी मागे वळून काही विचारलं नाही. यंत्र का थांबलं हे आधीच ठाऊक असलेल्या माणसासारखे ते उभे होते. पण ही माझी नजर. नजरेला पुरावा म्हणत नाहीत.

आता माझ्या परीक्षेचं काय, हा प्रश्न होता. शेठ पत्र देणार नाहीत अशी माझी खात्री होती. पण बायकांच्या तोंडून बातमी वडगावपर्यंत गेली, तिथून पुण्याला. भाड्याच्या सर्टिफिकेटवाला तो माणूस शेवटी आम्हाला दिसला. एका दुपारी टांग्यातून आला, खिळ्यावरची फ्रेम काढली आणि आल्या टांग्याने स्टेशनवर गेला. भीती त्यालाही असणारच. नाव त्याचं होतं.

आता शेठना माणूस पाहिजे होता आणि अख्ख्या मावळात त्यांच्या गिरणीत कागद टांगायला कोणी तयार नव्हतं. त्यांनी मला ऑफिसात बोलावून बसायला खुर्ची दिली.

"पत्र तयार आहे. एकच अट. पास झाल्यावर पाच वर्षं इथेच राहायचं. लिहून दे."

"लिहून नाही देत, शेठ."

"का? माझ्यावर विश्वास नाही?"

शेठनी बोटांनी टेबल वाजवलं. "बरं, दोन सीझन तरी? तोंडी?"

"दोन सीझन राहीन. व्हॉल्व्हवर झाकण ठेवणार नाही. आणि फ्रेम रोज काम सुटलं की घरी नेणार."

"फ्रेम घरी कशाला?"

"माझ्या माघारी कोणी बॉयलर पेटवू नये म्हणून."

त्यांनी पत्र माझ्याकडे सरकवलं. फी मी भरली. आम्हाला ते जड गेलं, पण हमीदा त्याबद्दल कधी बोलली नाही.

उन्हाळ्यात मुंबईला परीक्षा झाली. साहेब हिंदुस्थानीत विचारायचा. पाणी खाली गेलं तर काय, नळी फुटली तर काय, सगळं मास्तरांनी विचारलेलंच. मग म्हणाला, "मालिक बोलेगा, सेफ्टी व्हॉल्व्ह बाँध दो. क्या करेगा?"

"आग निकालूँगा, साहब."

"और मालिक तुमको निकालेगा तो?"

"तो घर जाऊँगा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. हसला नाही. पुढचा प्रश्न विचारला. महिन्याभराने सेकंड क्लासचं सर्टिफिकेट आलं.

पास झाल्यावर मी दामूभाऊंकडे पेढे घेऊन गेलो. पाचरेचं सगळं सांगितलं. म्हणालो, "शेठ म्हणतात, तुम्ही ठोकली."

"त्यानंच ठोकाय लावली. मशीन आनलं तवापास्नं. मी न्हाई म्हनलं, तर म्हनला दुसरा बगतो."

"मग झडप गळत होती ती?"

दामूभाऊंनी पेढा हातात फिरवला. "गळत व्हती. लय दिवस." आणि थोड्या वेळाने, "ती आदीपास्नंच गळत व्हती."

एवढंच. आधी गळती का आधी पॉलिशर, पहिला घाव कोणाचा आणि हुकूम कोणाचा, हे मला तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही. दोघांनीही थोडं खरं सांगितलं असणार. दोघांनीही बाकीचं राखून ठेवलं. दामूभाऊ पुढे दोन-तीन वर्षांनी गेले. शेठशी मी त्या विषयावर पुन्हा बोललो नाही.

बोलल्याप्रमाणे दोन सीझन मी केले. पगार वाढला, पण शेठनी कबूल केला होता त्याच्या निम्म्यानेच. पॉलिशर कमी वेळ चालायचा. बायका पुन्हा भिंतीपलीकडे बसू लागल्या, मात्र गंगूमावशी रोज सकाळी दारातून विचारायच्या, "दांडा मोकळा हाय न्हवं?" मी उचलून दाखवायचो, मगच त्या आत जायच्या. त्यांचा माझ्यावरही पूर्ण विश्वास नव्हता, आणि ते मला बरोबर वाटायचं.

मग लढाई लागली. देहूरोडला लष्कराचे डेपो उभे राहिले. तिथे बॉयलरवर माणसं पाहिजेत असं कळलं म्हणून गेलो. फाटकापाशी माणसांची ही गर्दी, त्यात माझ्याहून जुने आगवाले कितीतरी. हवालदाराने एकच विचारलं, "सर्टिफिकेट आहे?" ज्यांच्याकडे होतं ते आत, नव्हतं ते मजुरांच्या रांगेत. त्या एका दिवसात माझे सगळे रविवार आणि फी वसूल झाली. पुढे पेन्शनीपर्यंत मी तिथेच होतो.

मी सोडल्यावर शेठनी दुसरा सर्टिफिकेटवाला शोधला नाही. बॉयलर भंगारात विकला आणि तेलाचं इंजिन बसवलं. तेलाच्या इंजिनाला सर्टिफिकेट लागत नाही. पॉलिशर पुन्हा जोरात चालू लागला असं ऐकलं.

आता मुलं विचारायला येतात. वायरमनचं काढू का, वेल्डरचं काढू का, एवढा खर्च करून फायदा आहे का. मी सांगतो, फायदा आहे, काढा. शिकवणारा चांगला बघा, पैसे स्वतःचे घाला. आणि मालक आपणहून खर्च करायला निघाला, तर नाही म्हणू नका, पण आधी त्याच्या मशीनवरचं झाकण उचलून बघा.